भाड्याच्या फ्लॅटचा मॅनेजर बदलायचा आहे: आधी काय, नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात खराडीला दोन बेडरूमचा फ्लॅट, मालक नोकरीनिमित्त दुबईत. भाडं महिना ३०,००० रुपये, डिपॉझिट ९०,०००. सगळा कारभार एका एजन्सीकडे. भाडेकरू पैसे एजन्सीच्या खात्यात भरतो आणि तिथून ते मालकाकडे कधी १० तारखेला येतात, कधी २५ तारखेला. वर्षभरात गीझर दुरुस्तीची तीन बिलं आली, तिन्ही हाताने लिहिलेली. भाडेकरूचा फोन नंबरही मालकाकडे नाही. करार संपायला चार महिने आहेत. नवा मॅनेजर कसा निवडायचा आणि जुन्याकडून काम कसं काढून घ्यायचं?

बहुतेक मालक आधी नवा माणूस शोधतात, मग रागाच्या भरात जुन्याला मेल टाकतात आणि तिथेच अडकतात. कारण त्या दिवशी भाडं, डिपॉझिट, करार, किल्ल्या आणि भाडेकरूशी बोलण्याची वाट हे सगळं त्या जुन्याच्याच हातात असतं. म्हणून उलट क्रमाने चला. मॅनेजरला एक अक्षरही न कळवता आधी स्वतःकडे काय आहे आणि काय नाही ते पाहा.

सगळ्यात आधी करार. महाराष्ट्रात घर भाड्याने देताना लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी राहायचा परवाना देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये ते स्पष्ट आहे. ‘११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे इथे चालत नाही. नोंदणी केली नाही तर जबाबदारी मालकावर येते: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा तोटा वेगळाच आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात आणि त्या खोट्या आहेत हे मालकाला सिद्ध करावं लागतं. नोंदणीकृत प्रत तुमच्याकडे नसेल तर एजन्सीकडे साध्या शब्दांत मागा, ‘टॅक्स सल्लागाराला हवी आहे’ एवढं कारण पुरेसं आहे. दस्त क्रमांक माहीत असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही शोध घेता येतो.

प्रत हाती आली की पहिल्या पानावर एकच गोष्ट शोधा: परवाना देणारा, म्हणजे लायसेन्सॉर, म्हणून कोणाचं नाव आहे? तुमचं नाव असेल आणि एजन्सीच्या माणसाने मुखत्यार म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने, सही केली असेल तर काळजी नाही. करार तुमचा आहे. मॅनेजर गेला तरी तो चालू राहतो, नव्याने नोंदणी करावी लागत नाही. लायसेन्सॉर म्हणून एजन्सीचंच नाव असेल, तर तुम्ही व्यवस्थापन दिलेलं नाही. घरच एजन्सीला भाड्याने दिलंय आणि तिने ते पुढे दुसऱ्याला दिलंय. ‘घर रिकामं राहिलं तरी ठरलेलं भाडं देऊ’ अशा हमीच्या योजना बहुधा याच पद्धतीच्या असतात, आणि त्यांत नुकसान होतं तेही याच जागी. कंपनीने पैसे थांबवले की तुम्ही घरात राहणाऱ्याला गाठता. तो म्हणतो, मी तर दर महिन्याला भरतोय, डिपॉझिटही कंपनीकडेच आहे. तो खोटं बोलत नसतो, आणि त्याचा तुमच्याशी करारही नसतो. अशा ठिकाणी मॅनेजर ‘बदलता’ येत नाही. कंपनीचा करार नोटीस देऊन संपवायचा आणि राहणाऱ्याशी थेट, नवा, नोंदणीकृत करार करायचा, हीच वाट. डिपॉझिट कंपनीने त्याला परत करायचं की तुमच्याकडे वळवायचं हे तिघांच्या सहीने कागदावर आणल्याशिवाय त्या नव्या करारावर सही करू नका. नाहीतर जे ९०,००० तुम्हाला कधी मिळालेच नाहीत, ते परत करायची जबाबदारी तुमच्यावर येईल.

करार कोणाच्या नावावर आहे याला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि जागा सोडेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी घ्यायची असते. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता खूप जवळचा आहे. पण तो मोकळा राहतो तो लेखी, नोंदणी केलेल्या आणि तुमच्या नावाच्या कराराने.

दुसरा कागद मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा लेख. एजन्सीला दिलेलं मुखत्यारपत्र काढून शब्द न् शब्द वाचा. कुलमुखत्यारपत्र असेल आणि त्यात ‘भाडे व अनामत स्वीकारणे’, ‘दावे दाखल करणे’, ‘तडजोड करणे’ असे अधिकार असतील, तर मॅनेजर बदलण्याआधी ते रद्द करणं हेच सर्वांत मोठं काम आहे. रद्द करण्याचा लेख करून भागत नाही. मुखत्याराला ती गोष्ट कळल्यावर त्याच्यापुरती ती लागू होते, पण तिऱ्हाइतांच्या बाबतीत त्यांना कळेल तेव्हाच. म्हणजे भाडेकरूला तुम्ही कळवलं नाही आणि त्याने पुढच्या महिन्याचं भाडं जुन्या मुखत्याराला दिलं, तर त्याने ते तुम्हालाच दिल्यासारखं आहे. रद्दपत्राची प्रत भाडेकरू, सोसायटी आणि बँकेला पाठवा, पोचपावती ठेवा, आणि मूळ मुखत्यारपत्र परत मागा.

पुढच्या वेळी मुखत्यारपत्र मॅनेजरला देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात भाऊ, बहीण, सासरे, कोणी विश्वासू असेल तर त्यांच्या नावे विशेष मुखत्यारपत्र करा, फक्त या फ्लॅटच्या कराराची नोंदणी, पोलिसांना माहिती देणं आणि सोसायटीशी व्यवहार एवढ्यापुरतं. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात ते साक्षांकित करून घ्या. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. ही मुदत लोक हमखास विसरतात आणि करार नोंदवायच्या दिवशी कागद अडकतो.

आता पैसे. भाडेकरूशी थेट बोला. तो तुमच्या घरात राहतो, त्याच्याशी बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. नंबर सोसायटीच्या ऑफिसात मिळेल. पोलिसांना दिलेल्या माहितीच्या प्रतीतही असतो. सूर मात्र चौकशीचा ठेवा, तक्रारीचा नको. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात: गेल्या १२ महिन्यांत भाडं कधी, किती आणि कोणत्या खात्यात भरलं, डिपॉझिट कोणाला दिलं, दुरुस्तीसाठी त्याने स्वतः काही पैसे दिले का. हा हिशेब एजन्सीच्या हिशेबाशेजारी ठेवला की बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. नेहमी दिसणारा प्रकार असा: गीझरचे पैसे भाडेकरूकडूनही घेतलेले असतात आणि मालकाच्या भाड्यातूनही कापलेले असतात.

त्यानंतर मोबाइल नंबर. महावितरणचा ग्राहक क्रमांक, पाइप गॅसचं खातं, महापालिकेचा मिळकत कर आणि सोसायटीचं गेट ॲप या चारही ठिकाणी कोणाचा मोबाइल नोंदवलेला आहे ते तपासा. एजन्सीचा असेल तर थकबाकीची सूचना तुमच्यापर्यंत कधीच येत नाही. बदल आत्ताच करून टाका. गेट ॲपवर एजन्सीचा कर्मचारी ‘मालक’ म्हणून बसलेला असेल तर सेक्रेटरींना मेल टाकून काढायला लावा.

एवढं झालं की नोटीस. एजन्सीशी झालेला करार वाचा: नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी काढल्यास काही रक्कम द्यायची आहे का, आणि ‘आम्ही आणलेला भाडेकरू पुढे राहिला तर नूतनीकरणाची दलाली आम्हालाच’ असं कलम दडलंय का. ते असेल तर त्याचा आकडा आधीच धरा. नोटीस मेलने पाठवा आणि प्रत स्पीड पोस्टाने. त्यात शेवटची तारीख घाला, त्या दिवसापर्यंतचा हिशेब मागा आणि परत करायच्या वस्तूंची यादी जोडा. हिशेब देणं ही मेहेरबानी नाही. मागितल्यावर मालकाला नीट हिशेब देणं भारतीय करार कायद्याच्या कलम २१३ ने एजंटाला बांधून दिलंय.

याच कायद्यातलं कलम २२१ मात्र मालकाच्या विरुद्ध जातं आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. करारात वेगळं लिहिलं नसेल तर एजंटाला त्याची फी आणि खर्च मिळेपर्यंत मालकाचे कागद आणि वस्तू अडवून ठेवता येतात. त्यामुळे ‘आधी हिशेब दे, मग तुझी शेवटची फी देतो’ असा हट्ट धरला तर किल्ल्या आणि मूळ कागद अडकू शकतात. वादाची रक्कम लहान असेल तर ‘हरकत राखून’ असं मेलमध्ये लिहून ती द्या, सामान ताब्यात घ्या आणि नंतर भांडा. नव्या मॅनेजरशी करार करताना एक ओळ घालाच: फी थकली तरी किल्ल्या, कागद आणि भाडेकरूची माहिती अडवून ठेवण्याचा हक्क राहणार नाही. रक्कम मोठी असेल आणि एजन्सी दाद देत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

काम हातात घ्यायचा दिवस शक्यतो शनिवार-रविवार धरा म्हणजे भाडेकरू घरी असेल. भाडेकरू, तुमचा नातेवाईक आणि नवा मॅनेजर तिघे हवेत. जुना आला तर उत्तम, नाही आला तरी काम थांबवू नका. प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ घ्या, त्यात छताचे कोपरे, बाथरूमच्या बाहेरची भिंत आणि सिंकखालचं कपाट सुटता कामा नये. ओल आधी तिथेच दिसते. वीज मीटरचं रीडिंग मीटर क्रमांकासह फोटोत घ्या. एसी, गीझर, पाण्याचा फिल्टर यांचे मॉडेल आणि अनुक्रमांक टिपा. नुसतं ‘गीझर १ नग’ लिहिलं तर १५ लिटरचा जाऊन ६ लिटरचा आला तरी कळत नाही. किल्ल्या मोजा: मुख्य दार, सेफ्टी डोअर, बेडरूम, टपालपेटी, पार्किंगचा रिमोट. एजन्सीकडे एकूण किती प्रती होत्या याची खात्री देता येत नसेल, तर भाडेकरूला विचारून मुख्य दाराच्या लॅचचा सिलिंडर बदला. खर्च तुमचा. दोन-तीन हजारांत भाडेकरूलाही निर्धास्त वाटतं आणि तुम्हालाही.

त्याच दिवशी भाडेकरूला तुमच्या सहीचं पत्र द्या: अमुक तारखेपासून भाडं या खात्यात, तक्रार या नंबरवर, करार आणि डिपॉझिट आहे तसंच. शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर भाडेकरूच्या मनात पहिली शंका डिपॉझिटचीच येते आणि तो शेवटचे तीन महिने भाडं थांबवतो.

वेळेबद्दल एक सांगतो. करार संपायला एक महिना असताना मॅनेजर बदलणं सर्वांत वाईट. घर सोडताना भिंतीवरचा डाग कोणाचा हे जुनाच जाणतो आणि तो तर निघून गेलेला असतो. तुमच्याकडे चार महिने आहेत. पहिला महिना कागद जमवण्यात जाऊ द्या, दुसऱ्यात नोटीस द्या, म्हणजे नव्याला भाडेकरूशी नूतनीकरणाचं बोलायला दोन महिने मिळतील.

नव्याची निवड करताना आधी फी पाहा, पण टक्केवारीच्या आधी रचना. दर महिन्याच्या भाड्याचे पाच ते दहा टक्के किंवा वर्षाला एक महिन्याचं भाडं, असे भाव ऐकायला मिळतात. खरा प्रश्न हा की भाडेकरू बदलला की मॅनेजरला जास्त मिळतं की टिकला की? दर ११ महिन्यांनी नवा भाडेकरू आणि त्यावर पूर्ण महिन्याची दलाली मिळत असेल, तर चांगला भाडेकरू टिकवण्यात त्याला काहीच लाभ नाही. तुमच्याच आकड्यांत पाहा. पाच टक्के वाढीसाठी भाडेकरू सोडून गेला तर वाढीचे ११ महिन्यांचे होतात १६,५००. घर एक महिना रिकामं राहिलं की ३०,००० गेले, दलालीचे ३०,००० वेगळे, रंगकाम आणखी वेगळं. म्हणून दलाली १५ दिवसांच्या भाड्यावर आणायचा प्रयत्न करा, महिन्याची फी थोडी जास्त द्या, आणि नूतनीकरणाला प्रत्यक्ष खर्चाहून जास्त काही नको. करारही ११ ऐवजी २२ किंवा ३३ महिन्यांचा करा.

करार नोंदणीच्या खर्चातही एजन्सीचं पाणी मुरतं, म्हणून हिशेब स्वतः मांडा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: एकूण भाड्यावर, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेवर. ३०,००० भाडं, ९०,००० डिपॉझिट, २२ महिने: ६,६०,००० अधिक १६,५००, म्हणजे ६,७६,५००, त्याचे ०.२५ टक्के साधारण १,७०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचा मेहनताना वेगळा, तो रास्त आहे. पण एकरकमी आठ-नऊ हजार सांगितले तर सरकारी शुल्क भरल्याच्या चलनाची प्रत मागा.

उमेदवाराला विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके. एक माणूस किती घरं पाहतो? साठाच्या वर आकडा गेला की तुमचा गळका नळ आठवडाभर थांबणार, असं धरून चाला. मागच्या वर्षी सोडून गेलेल्या दोन मालकांशी बोलणं करून देता का? आत्ताचे मालक खूशच असतात. सोडून गेलेल्यांकडून खरं कळतं. एका जुन्या घराचा महिन्याचा हिशेब नावं झाकून दाखवता का? ज्याच्याकडे दाखवायला कागद नाही, तो तुम्हालाही कागद देणार नाही. महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक पुढे केला तर तो घरविक्रीच्या दलालीचा असतो. भाड्याच्या कारभाराला त्याचा आधार नाही.

भाडं आणि डिपॉझिट दोन्ही थेट तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचं भारतातलं उत्पन्न जमा होतं त्या खात्यात), हे ठाम ठेवा. मॅनेजरने महिन्याला बिल पाठवायचं, तुम्ही फी द्यायची. ‘आमच्या सिस्टीममध्ये भाडं आमच्याकडेच येतं’ म्हणणाऱ्याला नमस्कार. यात टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराचा, विषयही येतो. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावर उपकर मिळून ३१.२ टक्के कापून भरायचे असतात, त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा) क्रमांकही घ्यावा लागतो. निवासी मालकासाठी असलेली महिना ५०,००० ची मर्यादा इथे लागत नाही. भाडेकरूला ही कटकट वाटते म्हणून काही मॅनेजर मालक अनिवासी असल्याचं सांगतच नाहीत. पुढे नोटीस येते ती भाडेकरूला, आणि मग संबंध बिघडतात. आधीच सांगा, आणि कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र मिळण्यासारखं असेल तर प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करा. जाता जाता: मॅनेजरची फी भाड्याच्या उत्पन्नातून वेगळी वजा होत नाही. महापालिकेचा कर वजा केल्यावर मिळणाऱ्या सरसकट ३० टक्के वजावटीतच ती आली असं धरलं जातं. ‘फीवर टॅक्स वाचतो’ हे विक्रीचं बोलणं आहे.

दुरुस्तीचे नियम करारातच लिहा. २,००० पर्यंत न विचारता, त्यापुढे व्हॉट्सॲपवर होकार घेऊन, १०,००० च्या वर दोन दरपत्रकं. आधीचा आणि नंतरचा फोटो, छापील बिल, आणि बदललेला जुना भाग भाडेकरूकडे ठेवायचा. तुमच्या गीझरबद्दल मात्र एजन्सीवर लगेच आळ घेऊ नका. खराडी-वाघोली पट्ट्यात टँकर आणि बोअरचं पाणी मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं, त्यात क्षार फार. पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर थर जमतो, ते जास्त तापतं आणि जळतं. वॉशिंग मशीनच्या नळाची जाळी आणि फ्लशचा व्हॉल्व्हही त्यानेच बिघडतात. वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढणं आणि आतला ॲनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) तपासणं हे काम नव्या कराराच्या यादीत घाला. तीनही बिलांत ‘एलिमेंट बदललं’ असेल आणि टाकी एकदाही उघडली नसेल, तर हलगर्जीपणा झाला. बिलात भाग बदलल्याची नोंद आहे आणि घरात तोच जुना भाग बसलेला आहे, तर ती फसवणूक.

पावसाळ्यातली गळती हा दुसरा खर्चिक विषय. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येणारी ओल वेगळी. जो मॅनेजर ओल दिसताच आतून वॉटरप्रूफिंगचं कोटेशन पाठवतो, त्याला विचारा: सेक्रेटरींना लेखी तक्रार कधी दिली, पोच कुठे आहे? भिंत बाहेरून गळत असताना आतून कितीही लेप दिला तरी पुढच्या जुलैत रंगाचे पोपडे पुन्हा सुटतात.

सोसायटीच्या बिलावरही एक नजर टाका. सहकारी गृहनिर्माण सोसायटीला भाड्याने दिलेल्या घरासाठी ना-वापर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते सेवाशुल्कही महापालिकेचे कर वगळून. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत देते, भाड्याच्या घराला ती नाही. जुन्या एजन्सीने ‘मालक राहतो’ दाखवून ती चालू ठेवली असेल तर फरकाची रक्कम तुमच्याच नावावर निघेल, त्यामुळे हिशेब मिटवायच्या आधी ही चौकशी करा.

नवा माणूस आला की पहिले तीन महिने दर महिन्याला पाच मिनिटं द्या: भाडं कोणत्या तारखेला जमा झालं, महावितरणचं बिल भरलं का, सोसायटीचं देणं शून्य आहे का. दुसऱ्या महिन्यात भाडेकरूला स्वतः फोन करून विचारा की शेवटची तक्रार कधी केली आणि किती दिवसांत माणूस आला. मॅनेजरने पाठवलेल्या तारखा आणि भाडेकरूने सांगितलेल्या तारखा जुळत असतील तर २२ महिन्यांचा करार त्याच्याकडूनच करून घ्या. जुळत नसतील तर त्याच आठवड्यात त्याच्याशी बोला, कारण आता भाडं तुमच्या खात्यात येतंय, मूळ कागद नातेवाइकांच्या कपाटात आहेत आणि भाडेकरूचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे.